पिवळ्या पानाची साक्ष

द्राक्षबागेत पान पिवळं पडलं की आधी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. तासाभरात तीन उत्तरं येतात: फेरस कमी आहे, मॅग्नेशियम सोडा, झिंकची फवारणी घ्या. संध्याकाळी तिन्ही होऊन जातात. देठ परीक्षण करून घेणारे या घाईला हसतात. पण त्यांचा अहवाल येईपर्यंत वेलीची अवस्था पुढे सरकलेली असते, हेही खरं. नजरेवर विसंबायचं की प्रयोगशाळेवर, या वादात दोन्ही बाजू सहज मोडीत काढण्यासारख्या नाहीत.

जाणता बागायतदार पानाचा रंग नंतर पाहतो, ते काडीवर कुठं आहे ते आधी. नत्र, पालाश, मॅग्नेशियम वेलीत फिरतात. टंचाई आली की वेल ही द्रव्यं जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते, म्हणून लक्षण खालच्या पानांवर दिसतं. लोह, जस्त, बोरॉन फारसे हलत नाहीत, त्यांची कमतरता कोवळ्या पानांवर किंवा घडात दिसते. शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोहाचा संशय. तसंच चित्र खालच्या पानावर, तर मॅग्नेशियमचा. ही पारख फुकट आहे आणि बांधावरच होते.

संशय म्हणजे मात्र निदान नव्हे. पानाच्या कडा पालाश कमी पडल्यानं करपतात, तशा बोअरच्या खारट पाण्यातल्या सोडियमनंही आणि तुडतुड्यांनीही. शेजाऱ्यानं उसात तणासाठी मारलेलं टू-फोर-डी वाऱ्यानं आलं तर कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात आणि बिचाऱ्या जस्तावर आळ येतो.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो लोहावर. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू आठच्या वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. पावसाळ्यात झड लागली की मुळांना हवा मिळत नाही, जमिनीत बायकार्बोनेट वाढतं आणि शेंडे पिवळे होतात. वाफसा आला की बऱ्याचदा ते आपोआप हिरवे होतात. मधल्या काळात ज्यानं फेरस सल्फेट सोडलं, तो श्रेय फेरसला देऊन मोकळा! खरं तर अशा मातीत ते लवकरच निरुपयोगी होतं. ईडीटीए चिलेटही एवढ्या सामूला तग धरत नाही. ईडीडीएचए टिकतं, पण खिसा हलका करतं. मातीच्या ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकून ती फसफसते का, एवढं पाहिलं तरी निम्मी खरेदी थांबेल.

मग प्रयोगशाळाच बरी? मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे आणि देठ परीक्षणाची पद्धत ठरलेली आहे: खरड छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी तळाकडून पाचव्या पानाचं देठ, गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचं. पहिल्या वेळेला विशेष मोल आहे, कारण पुढच्या हंगामाचे घड तेव्हाच डोळ्यांत ठरत असतात. त्या वेळची वेलीची भूक पानावर दिसेलच असं नाही. पण नमुना चुकला की आकडाही चुकतो. मॅन्कोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त असतं. फवारणीनंतर न धुतलेली देठं पाठवली तर उपाशी वेलही कागदावर धष्टपुष्ट दिसते. मृदा आरोग्य पत्रिकेवरही बागेचं खत ठरवू नये. 2015 साली सुरू झालेल्या त्या योजनेत बागायती क्षेत्रात नमुना अडीच हेक्टरच्या चौकटीतून घ्यायचा होता, आणि इथं एकाच एकरात मुरूम आणि काळी दोन्ही सापडतात.

माझा कल असा: देठ परीक्षण बाग हिरवीगार असतानाही ठरल्या वेळी करावं. मधल्या काळात नजर चालवावी, पण तिला पुरावा मागावा. लोहाचा संशय असेल तर फेरस सल्फेटचं सौम्य द्रावण ब्रशनं दोन-चार पानांवर लावून पाहावं. काही दिवसांत लावलेल्या जागी हिरवे ठिपके उमटले तर संशय खरा. अहवाल मागवायचाच तर दोन नमुने द्यावेत, एक आजारी ओळीतला, एक शेजारच्या निरोगी ओळीतला. नुसत्या आकड्यापेक्षा दोहोंतला फरक जास्त सांगतो.

वाया गेलेल्या खरेदीबद्दल कृषी सेवा केंद्राला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. छाटणीच्या हंगामात उधारी तिथंच मिळते, आणि अडचणीला दुकानदार बांधावर येतोही. तरी निदान करणारा आणि बाटली विकणारा एकच असला की प्रत्येक पिवळ्या पानाला काहीतरी कमीच असतं. जास्त झालंय, असं गल्ल्यामागून कोण सांगणार? पालाश जास्त झालं की मॅग्नेशियम अडतं, स्फुरद साठलं की जस्त अडतं, आणि आपण अडलेल्याचीच नवी पिशवी आणतो. प्रयोगशाळांनी अहवालात ‘या हंगामात काय देऊ नये’ असा एक ठळक रकाना छापायला हरकत नसावी.