चारशे सात म्हणजे किती?

कर्नाळ्याजवळ राहणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या गाड्या बघायची सवय आपोआप लागते. डोंगरावर किल्ल्याचा तो अंगठा, खाली अभयारण्य आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग (सरकारने नंबर बदलून ६६ केला, आम्ही अजून १७च म्हणतो). लोक इथे दुर्बिणी घेऊन पक्षी ओळखायला येतात. मी आपला खिंडीतून जाणाऱ्या मालाच्या गाड्या ओळखतो! गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती, उन्हाळ्यात कोकणातला आंबा आणि बारा महिने रेती, खडी, सळया.

गंमत म्हणजे या सगळ्या गाड्यांना आपल्याकडे शब्द एकच. टेंपो!

मुळात टेंपो हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८ साली बजाज टेंपो कंपनी निघाली, तिच्या तीनचाकी गाड्या रस्त्यावर आल्या आणि मराठीला एक शब्द मिळाला. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव फोर्स मोटर्स केलं, पण शब्द राहिला तो राहिलाच. आता छोट्या हत्तीपासून सहाचाकी ट्रकपर्यंत काहीही टेंपो असतं. बोलताना ठीक आहे हो, पण ज्याच्यावर माणसाचं लायसन्स आणि विमा अवलंबून आहे, ती गोष्ट इतकी ढोबळ ठेवून चालेल का? माझं मत स्पष्ट आहे. चालणार नाही.

जुन्या टाटा गाड्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. त्यांच्या नावातच हिशेब असायचा. शेवटचे दोन आकडे बाजूला ठेवा, आधी उरेल ते गाडीचं मालासकट एकूण वजन, टनांत. शेवटच्या दोन आकड्यांना दहाने गुणा, आली हॉर्सपॉवर. दोन्ही साधारण, काटेकोर नाही. १९८६ साली आलेली ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तर हॉर्सपॉवर. २०७ म्हणजे दोन टन, ताकद तेवढीच. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशेतीस. ही पद्धत मर्सिडीजची. टाटा आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं होता, त्या घरातलं हे वळण. एलपीके मधला 'के' सुद्धा तिकडचाच, जर्मन किपर, म्हणजे आपला डंपर.

आता ओळखायचं कसं? २०७ सोपी. पुढे जीपसारखं बॉनेट आणि मागे उघडा हौदा. ४०७ तशी ठेंगणी, तोंड आखूड आणि बहुतेकींना मागे जोडचाकं. खरी पंचाईत पुढे होते. ४०७, ७०९ आणि ९०९ या बहिणी-बहिणी. तोंडवळा तोच, चाकं सहाच. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण कायद्याला कळतो.

१९८८च्या मोटार वाहन कायद्यात हलकं वाहन म्हणजे एकूण वजन ६००० किलोपर्यंत असं होतं. १९९४च्या दुरुस्तीने ते ७५०० झालं. म्हणजे सहा ते साडेसात टनांमधल्या गाड्या एक ग्रॅमही न घटता मध्यम वर्गातून हलक्या वर्गात आल्या! कितीतरी गाड्यांच्या आरसी बुकात ७४९० हा आकडा दिसतो तो उगाच नाही. १२,००० किलोच्या वर गेलं की जड वाहन. त्यामुळे ७०९ हलकी आणि तिच्यासारखीच दिसणारी ९०९ मध्यम. लायसन्स वेगळं लागतं.

हा काही कागदी खेळ नाही, मंडळी. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर मालाची गाडी चालवत होता, म्हणून आम्ही भरपाई देणार नाही, असं विमा कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात सांगत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी त्याच लायसन्सवर चालवता येते. फार चांगलं झालं. पण ७५०० ही रेघ तशीच आहे. रेघेच्या कुठल्या बाजूला आपण बसलोय हे स्टिअरिंग धरणाऱ्या पोराला माहीत असतं का? मालक म्हणतो, टेंपो घेऊन जा. तो जातो.

दुसरा घोळ मापाचा. टाटाच्या जुन्या आकड्यात गाडीचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. महिंद्राची बोलेरो पिकअप १.७ टनी म्हणतात तेव्हा तो नुसता माल असतो. एकीकडे ४, दुसरीकडे १.७, म्हणून ४०७ अडीचपट माल नेईल असं समजाल तर फसाल. त्यात आपण रेती मागवतो ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि तेवढ्या रेतीचं वजन साडेचार टनांच्या आसपास भरतं. म्हणजे चारटनी नावाची गाडी रिकामी धरलीत तरी नुसती रेतीच त्याहून जड! तरी 'एक गाडी टाका' असं आपण सहज सांगतो. त्या भाराने खिंडीच्या उतारावर ब्रेकचं काय होत असेल, ते सांगणाऱ्याला कळत नाही.

कुणी म्हणेल, आकडा तरी कुठे खरा राहिला? बरोबर आहे. आजच्या ४०७चं इंजिन सत्तर हॉर्सपॉवरचं नाही, नाव मात्र जुनंच. म्हणून दारावरच्या आकड्याला मी पुरावा मानत नाही, फक्त खूण मानतो. तरी ती खूण होती. दोस्त, जीतो, योद्धा या नावांवरून वजनाचा काय पत्ता लागतो? योद्धा नाव ठेवून हौदा मोठा होत नाही.

मला वाटतं, उपाय अगदी साधा आहे. जुन्या ट्रकच्या केबिनवर मालकाच्या नावाखाली यू.डब्ल्यू. आणि आर.एल.डब्ल्यू. अशी अक्षरं रंगवलेली असतात. पहिलं रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं नोंदवलेलं भरलेलं वजन. एकातून दुसरं वजा केलं की किती माल भरायचा ते कळतं. दुसरी-तिसरीतल्या मुलाला जमेल इतकं गणित आहे हे. हे दोन आकडे छोट्या-मोठ्या प्रत्येक मालाच्या गाडीवर, मराठीत, वीतभर उंचीचे असावेत. मागे 'आईचा आशीर्वाद' लिहायला जेवढी जागा मिळते, तेवढी यांनाही मिळावी.

तोवर आपण एवढं तर करू शकतो. पुढच्या वेळी सामान हलवायला किंवा रेती मागवायला फोन कराल तेव्हा 'टेंपो पाठवा' म्हणून मोकळे होऊ नका. माल किती किलो आहे ते सांगा आणि गाडीचं पासिंग किती टनांचं आहे ते विचारा. भाडं दोनशे-चारशे रुपयांनी वाढेल कदाचित. वाढू द्या.