‘रानटी’ कोणाला म्हणावे?

युरोपच्या इतिहासाचे आपल्या वर्गात उभे राहणारे चित्र बहुधा ठराविक असते. इ. स. ४७६ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्य कोसळले, उत्तरेकडून रानटी टोळ्या आल्या, अंधारयुग सुरू झाले आणि मग इ. स. ८०० मध्ये शार्लमेनच्या मस्तकावर मुकुट चढताच पुन्हा दिवा लागला! मधल्या सव्वातीनशे वर्षांच्या वाट्याला परीक्षेत फार तर एखादी टीप येते. विद्यार्थीही ती पर्यायात सोडून देतात. माझे मत असे की, ‘अंधारयुग’ हा शब्द त्या काळाचे वर्णन करीत नाही. तो आपल्या पाहण्याच्या कंटाळ्याचे वर्णन करतो. हे मत पटवून देण्यासाठी मी येथे लोंबार्ड लोकांची साक्ष काढणार आहे.

इ. स. ५६८ मध्ये राजा आल्बोइन याच्या नेतृत्वाखाली हे जर्मन वंशाचे लोक पॅनोनियातून, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूने, आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. लांब दाढ्यांवरून त्यांना ‘लँगोबार्ड’ हे नाव पडले असे परंपरा सांगते. पाविया ही त्यांची राजधानी झाली. इ. स. ७७४ मध्ये शार्लमेनने पाविया जिंकून शेवटचा राजा देसिदेरिउस याला पदच्युत केले, तेव्हा हे राज्य संपले. दोनशे सहा वर्षांच्या या राजवटीच्या खुणा सांगणारी सात स्थळे २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रितपणे समाविष्ट झाली. उत्तरेस चिविदाले, ब्रेशा आणि कास्तेलसेप्रिओ-तोर्बा. मध्य इटलीत स्पोलेतो आणि कांपेल्लो. दक्षिणेस बेनेव्हेंतो आणि मोंते सांतआंजेलो. या स्थळांची छायाचित्रे व आराखडे पाहताना प्रथम ध्यानात येते ते हे की, यांत निव्वळ ‘लोंबार्ड’ असे फारच थोडे आहे.

चिविदालेचेच उदाहरण घ्या. इटलीतील पहिली लोंबार्ड सरदारकी येथे स्थापन झाली. येथे आठव्या शतकातील एक वेदी आहे. सरदार पेम्मो याचा पुत्र राखिस याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. तिच्यावरील आकृतींचे चेहरे लांबट, हात प्रमाणाबाहेर मोठे आणि कोरीवकाम उथळ आहे. पण त्याच गावातील लहानशा प्रार्थनामंदिरात भिंतीच्या वरच्या अंगाला चुनेगच्चीत घडविलेल्या सहा स्त्रीमूर्ती उभ्या आहेत. उंच, शांत, वस्त्रांच्या सरळ चुण्या खाली सोडलेल्या अशा त्या मूर्ती पाहिल्या की बिझँटाईन कलेची आठवण व्हावी. एकाच शतकात, एकाच गावात या दोन्ही कृती सुखाने नांदत होत्या. मग या समाजाला रानटी म्हणायचे की सुसंस्कृत?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. लोंबार्डांनी स्वतःचे असे काय निर्माण केले? पडक्या रोमन इमारतींचे खांब उचलले आणि आपल्या चर्चमध्ये उभे केले, एवढेच ना? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. स्पोलेतोच्या सान साल्व्हातोरे चर्चमध्ये रोमन खांब आहेत. देसिदेरिउसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रेशातील रत्नजडित क्रूसावर जुनी रोमन कोरीव रत्नेही बसविलेली आहेत. परंतु निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. कांपेल्लो येथील क्लितुन्नो नदीकाठचे छोटे मंदिर पाहा. जुन्या दगडांबरोबर नवे दगड इतक्या समजुतीने घडवून बसविले आहेत की, सोळाव्या शतकात पाल्लादिओसारख्या थोर वास्तुशिल्पज्ञाने त्याला प्राचीन रोमन देऊळ समजून १५७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे आराखडे दिले. पाल्लादिओची जेथे फसगत झाली, तेथे काम करणाऱ्यांना केवळ दगड उचलणारे कसे म्हणावे? जुन्या वास्तूचा दगड घेणे सोपे असते. त्या दगडामागची रीत आत्मसात करणे सोपे नसते. वारसा म्हणजे तिजोरीत कुलूपबंद केलेली ठेव नव्हे. तो पुढच्या माणसाने हाती घेऊन वापरला, तरच वारसा ठरतो.

हीच गोष्ट कायद्याची. इ. स. ६४३ मध्ये राजा रोथारी याने आपल्या लोकांचे रीतिरिवाज प्रथमच लिहून काढविले, आणि तेही लॅटिन भाषेत. ३८८ कलमांच्या या संहितेत दातांचेसुद्धा मोल ठरले आहे. हसताना दिसणारा दात पाडला तर सोळा सुवर्णनाणी, दाढ पाडली तर आठ! वाचून हसू येते खरे. पण यामागचा हेतू हसण्यासारखा नाही. भरपाईची रक्कम पूर्वजांच्या काळापेक्षा मुद्दाम वाढविली आहे, ती घेऊन लोकांनी सूडाचे वैर थांबवावे, असे राजा त्यात स्पष्ट सांगतो. पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्या रक्तपाताच्या जागी दंड आणणे हे संस्कृतीचे केवढे मोठे पाऊल आहे! त्याच संहितेत, परक्याच्या दासीला चेटकीण ठरवून कोणी ठार मारू नये, कारण एखादी स्त्री जिवंत माणसाला आतून खाते यावर ख्रिस्ती मनाने विश्वास ठेवता कामा नये, असेही कलम आहे. आता सोळाव्या-सतराव्या शतकांकडे या. प्रबोधन होऊन गेले आहे, छापखाने आले आहेत, आणि त्याच युरोपात चेटकिणी म्हणून स्त्रियांना जाळले जात आहे. अंधार नेमका कोणत्या शतकात होता, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

तथापि लोंबार्डांना डोक्यावर घेऊन नाचावे, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. रानटी हा शिक्का पुसताना त्यांच्या हातचे रक्तही पुसून टाकणे हा इतिहासाशी दुसरा अप्रामाणिकपणा होईल. त्यांच्या स्वाऱ्यांत अनेक रोमन धनिक मारले गेले आणि उरलेल्यांना उत्पन्नाचा तिसरा हिस्सा द्यावा लागला, हे त्यांच्याच पॉल डीकन या इतिहासकाराने नोंदविले आहे. ज्या संहितेचे मी आताच कौतुक केले, तिच्यात कोणत्याही स्वतंत्र स्त्रीला पुरुषाच्या ताब्याबाहेर जगण्याची मुभा नाही, आणि दासाच्या जिवाचे मोल त्याच्या धन्याला मिळते. युनेस्कोने या स्थळसमूहाच्या नावातच ‘सत्तेची स्थाने’ असे शब्द योजले आहेत, ते योग्यच झाले. सत्ता म्हटली की तिच्या खाली कोण होते, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पॉल डीकनची हकीकत तर फार बोलकी आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस लोंबार्डांनी मोंते कासिनोचा सुप्रसिद्ध मठ उद्ध्वस्त केला. दोन शतकांनी, लोंबार्डांचे राज्य बुडाल्यावर, चिविदालेत जन्मलेला हा लोंबार्ड भिक्षू त्याच मठात बसून आपल्या लोकांचा इतिहास लिहीत होता. जाळणाऱ्यांच्या वंशातलाच एक जण तेथे लिहिणारा झाला. संस्कृती संस्कृतीला मारते तशी ती तिला शिकवतेही, आणि जेता हा पुष्कळदा जितांचा विद्यार्थी ठरतो, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

हा विचार मान्य केला, तर वास्तूंच्या जतनाबद्दलही आपली दृष्टी बदलली पाहिजे. बेनेव्हेंतोचे सांता सोफिया हे चर्च आठव्या शतकातले. मध्ये षट्कोनी खांबरांग, तिच्याभोवती दुसरे कडे आणि बाहेर चांदणीसारखी मोडत जाणारी भिंत, अशी त्याची विलक्षण रचना आहे. १६८८ आणि १७०२ च्या भूकंपांनंतर त्याला बरोक शैलीचा साज चढविण्यात आला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तो बराचसा उतरवून मूळ रूप पुन्हा सिद्ध करण्यात आले. ती रचना आज डोळ्यांना दिसते, हा लाभ मोठाच. पण भूकंपातून सावरलेल्या पिढीचे काम पुसले गेले, त्याची रुखरुख मला वाटते. याउलट ब्रेशा येथे इ. स. ७५३ मध्ये देसिदेरिउस आणि राणी आन्सा यांनी स्थापलेल्या मठाच्या आवारात रोमन घरांच्या रंगीत फरश्या आहेत, लोंबार्ड चर्च आहे आणि नंतरच्या शतकांतील जोगिणींची चित्रांकित प्रार्थनादालनेही आहेत. कोणत्याही एका शतकाला ‘खरे’ ठरवून बाकीची खरवडून काढलेली नाहीत. मला ब्रेशाचा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

कोणी विचारील, हजारो मैलांवरच्या या लोकांचे आपल्याला काय? निदान एक धागा सांगतो. आपण सायंकाळी ज्या बाल्कनीत उभे राहतो, तो शब्द इंग्रजीत इटालियनमधून आला आणि इटालियनमध्ये तो, अभ्यासकांच्या मते, लोंबार्डांच्या भाषेतील ‘तुळई’ या अर्थाच्या शब्दातून आला. त्यांची बोली केव्हाच मेली. इटालियन माणूस मात्र गालाला आणि पाठीला आजही तिच्यातूनच आलेले शब्द वापरतो. जे लोक शब्दांतून, कायद्यांतून आणि दगडांतून दुसऱ्यांच्या जगण्यात इतके मिसळून गेले, त्यांना एका विशेषणात गुंडाळून टीपेपुरते उरवणे हा अभ्यास नव्हे. ‘रानटी’ हा शब्द उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी, तो कोणी, कोणाबद्दल आणि कशासाठी वापरला, एवढे तरी आपण विचारावे. कला शाखेच्या विद्यार्थ्याचे खरे काम तेथूनच सुरू होते.