मालाच्या गाडीस लॉक हवें

निफाडच्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पिकअप रुतते, तेव्हां दोष बहुधा एंजिनचा नसतो. मागील आंसावरील डिफरन्शिअल वळणावर दोन्ही चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देतें. चिखलांत मात्र त्यामुळेंच एक चाक नुसतें गरगरतें व दुसरें स्तब्ध राहतें. लॉक लाविल्यास दोन्ही चाकें एकाच वेगानें फिरतात. ट्रॅक्टरवर ही सोय आपण पायानें नित्य वापरतों. म्हणून जुनी पिकअप स्वस्तांत शेतरस्त्यायोग्य करूं इच्छिणाऱ्या बागाईतदारांनीं दिखाऊ साजावर पैसा न उधळतां प्रथम लॉक व चांगले टायर बसवावे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हातानें लावावयाचें लॉक डांबरी रस्त्यावर व वळणावर सोडलेंच पाहिजे. नाहींतर आंसावर अनाठायीं ताण पडतो. नाशकांतच तयार होणाऱ्या महिंद्राच्या थारच्या कांहीं नमुन्यांस मागील आंसाचें लॉक मिळालेलें आहे. शेतमालाच्या पिकअपसही तें माफक दरांत मिळावें, ही मागणी शेतकरी बंधूंनीं एकमुखानें करावी.