शेवट वेगळा विकावा काय?

साहित्यकृतीची संहिता नेमकी कोठे संपते, हा प्रश्न आम्ही वर्गात नेहमी विचारतो. ‘फायनल फँटसी तेरा-दोन’ हा जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम तोच प्रश्न निराळ्या रीतीने उभा करतो.

२००९ च्या मूळ खेळावर मुख्य आक्षेप होता तो एकरेषीयतेचा. स्क्वेअर एनिक्सने डिसेंबर २०११ मध्ये जपानात आणलेल्या उत्तरभागात तो मनावर घेतलेला दिसतो. येथे वेगवेगळ्या कालखंडांत ये-जा करता येते, ऐन लढाईत नेतृत्व बदलता येते, जिंकलेले राक्षस सोबती होतात. खेळाडूला निवडीचा अधिकार देणारी ही सुधारणा आम्हांला मोलाची वाटते.

कथा मात्र ‘क्रमशः’वर थांबते. नायिका लाइटनिंग हिचे पुढे काय झाले, हे सांगणारे प्रकरण २०१२ मध्ये वेगळे मूल्य घेऊन, डाउनलोडच्या रूपाने आले.

कादंबऱ्याही मासिकांतून क्रमशः येत, असे कोणी म्हणेल. परंतु तेथे वाचकाला आपण हप्ता वाचत आहोत याची जाणीव असे. येथे पूर्ण ग्रंथ म्हणून विकलेल्या कृतीचे अखेरचे पान मागाहून विकले गेले. पोशाख, शस्त्रे खुशाल वेगळी विकावीत. ते अलंकार आहेत. शेवट हा अलंकार नव्हे. डिसेंबर २०१४ च्या संगणकीय आवृत्तीत यातील बहुतेक जोडभाग मूळ खेळातच समाविष्ट झाले. आमच्या मते, लाइटनिंगच्या प्रकरणाची जागा पहिल्यापासून तीच होती.