मैत्री नको, उत्तरदायित्व हवे

‘पोलीस हा जनतेचा मित्र आहे’, ही घोषणा गेली कित्येक वर्षे पोलीस ठाण्यांच्या भिंतींवर रंगविली जात आहे. त्याच ठाण्याची पायरी चढताना मजुराचे पाय लटपटतात. आपली फिर्याद नोंदवून घेतली जावी म्हणून त्याला एखाद्या पुढाऱ्याची चिठ्ठी न्यावी लागते. मित्राकडे जाताना कोणी वशिला नेत नाही. हे नाते मैत्रीचे नसून मेहेरबानीचे आहे.

मेहेरबानी कितीही चांगली असली तरी ती कोठे थिटी पडते, हे भिवंडीने दाखवून दिले आहे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी यंत्रमागांचे हे शहर पेटले. न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकावर पक्षपाताचा ठपका ठेवला. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तेथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची सामान्य माणसे आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसू लागले. बाबरी मशीद पाडली गेल्यावर १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली.

यातून राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो एवढाच, की ‘अधिकारी चांगला हवा!’ हा धडा सोयीचा आहे. चांगला अधिकारी बदलून जातो आणि लोकांच्या हाती पुन्हा काही उरत नाही. भिवंडीत दंगल थांबली ती पोलिसाला रोज लोकांसमोर बसावे लागले म्हणून. परंतु असे बसणे हे कायद्याने त्याचे कर्तव्य नव्हते आणि लोकांचा हक्कही नव्हता.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला, तो प्रजेवर वचक बसविण्यासाठी. स्वराज्य आले, पण जबाबदारीची दिशा तीच राहिली : खालून वर. शिपाई साहेबाला जबाबदार, साहेब मंत्र्याला. गावाला कोणीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात राज्याप्रमाणेच जिल्ह्या-जिल्ह्यांत पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा दुरुस्त केला तो जिल्हा गाळून, विभागाची पातळी ठरवून! गडचिरोलीच्या टोकाला मार खाल्लेल्या आदिवासीने दाद मागण्यासाठी नागपूर गाठावे, अशी ही व्यवस्था. याला सुधारणा म्हणायचे काय?

आता थोडे आपल्याविषयी. मोर्चा अडविणारा शिपाई हाच आपला शत्रू, अशी सवय आपल्या कार्यकर्त्यांना जडली आहे. अर्थशास्त्र शिकविताना मी एक साधी गोष्ट सांगत असे : ज्याच्या हाती पगार आणि बदली, त्याचीच चाकरी होते. शिपायाची गत हीच आहे. सरकारच्या परवानगीवाचून त्याने संघटना करू नये, असा १९६६ चा कायदा आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस आपल्या संघटनेसाठी उठले, तेव्हा सरकारने लष्कर बोलाविले. संघटनेने शिस्त बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, ज्या इंग्रजांनी आपल्याला १८६१ चा कायदा दिला, त्यांनीच स्वतःच्या पोलिसांना १९१९ मध्ये कायद्याने प्रातिनिधिक संघटना दिली. संपाचा हक्क मात्र दिला नाही. ज्याला स्वतःवरील अन्यायाची दाद मागता येत नाही, तो दुसऱ्याची दाद कशी घेणार?

म्हणून आपल्या मागण्या दोन असल्या पाहिजेत आणि त्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र तक्रार प्राधिकरण आणि प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत कायद्याने बंधनकारक अशी लोकांची मासिक बैठक, ही पहिली. शिपायाला प्रातिनिधिक संघटनेचा हक्क, ही दुसरी. पहिली सोडून दुसरी मागितली, तर बेलगाम पोलिसांचेच बळ वाढेल. दुसरी सोडून पहिली मागितली, तर साहेब सुटतील आणि शिपाई बळी जाईल.