'गुलदार' बघायला जाताय? आधी फोनवरचं आयपी६८ नीट समजून घ्या

आमच्या वारूळवाडीहून समुद्र काही जवळ नाही. पोहायला शिकलो तो विहिरीत, पाठीला डबा बांधून. तरीही सध्या आमच्या ग्रुपवर एकच विषय आहे: तारकर्लीला जायचं, स्कूबा करायचं आणि सगळं स्वतःच्या फोनवर शूट करायचं. निमित्त आहे 'आयएनएस गुलदार'.

रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी ही नौदलाची नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती 'एमटीडीसी'च्या ताब्यात आली. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ ती समुद्रतळाशी बसवायची, म्हणजे तिच्यावर प्रवाळ वाढेल आणि पर्यटकांना पाण्याखालचं संग्रहालय बघता येईल, अशी ही योजना. योजना भारीच आहे. पण जहाज बघायला जाणारा प्रत्येकजण खिशात फोन घेऊन जाणार, आणि घोळ तिथेच आहे.

आयपी६८ म्हणजे नक्की काय?

६ म्हणजे फोनमध्ये धूळ शिरत नाही. ८ म्हणजे १ मीटरपेक्षा खोल पाण्यात बुडवून चाचणी झाली आहे. पण किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीच ठरवते. म्हणून शिक्का एकच असला तरी अर्थ वेगळा निघतो. आयफोन १५ साठी ६ मीटर आणि ३० मिनिटं, तर गॅलेक्सी एस२४ साठी १.५ मीटर आणि ३० मिनिटं.

ही चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी खारं असतं, हलतं असतं. शिवाय दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. फोन जुना झाला, पडला किंवा एकदा उघडून दुरुस्त केला, की आतलं सीलही पहिल्यासारखं राहत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. दोन वर्षांपूर्वी स्नॉर्कलिंगला गेलो तेव्हा फोन साध्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घातला होता. पाऊच गळला. फोन आयपी६८ आहे म्हणून मी निवांत होतो. संध्याकाळी स्क्रीन काळी पडली. सर्व्हिस सेंटरवाल्याने आतली पट्टी दाखवली, पाणी लागल्यामुळे ती लाल झाली होती. 'पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही,' विषय संपला. हप्ते मात्र चार महिने भरत होतो.

जाहिरातीत पाणी, वॉरंटीत नाही

हा प्रश्न फक्त माझा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने पाण्याबद्दलच्या दाव्यांवरून ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. जाहिरातीत फोन स्विमिंग पूल आणि समुद्रात दाखवले होते. पण फोन ओला असताना चार्जिंगला लावला तर पोर्ट गंजू शकतो, हे ग्राहकांना नीट सांगितलं नव्हतं.

आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारीसाठी हेल्पलाइन १९१५. माझं मत सरळ आहे: जाहिरातीत पाणी दाखवायचं असेल, तर 'समुद्रात नको' हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

मग शूट करायचं कसं?

पहिला डाइव्ह असेल तर कॅमेरा हातात घेऊच नका. श्वास, कानावरचा दाब आणि इन्स्ट्रक्टरच्या खुणा, एवढंच पुष्कळ असतं. मालवण-तारकर्लीत बरेच जण पॅकेजमध्येच व्हिडिओ काढून देतात. बुक करताना विचारून घ्या.

पुढे नाद लागला तर आधी प्रशिक्षण घ्या. ओपन वॉटर कोर्स केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पाण्यात एका जागी स्थिर तरंगता आलं नाही, तर फोटो हलतो आणि पाय प्रवाळाला लागतो. कित्येक वर्षांत वाढलेलं प्रवाळ एका लाथेत तुटतं.

मग कॅमेरा. गोप्रोचे बरेच हीरो कॅमेरे केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, ऑस्मो ॲक्शन ४ १८ मीटरपर्यंत. फोनच न्यायचा असेल तर डाइव्हिंगचं कडक हाउसिंग घ्या, पाऊच नको. पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून बटणं असलेलं हाउसिंग बरं. मी नवीन हाउसिंग आधी घरच्या विहिरीत तपासलं. आत फोनऐवजी टिश्यू पेपर ठेवला, दगड बांधला आणि अर्धा तास खाली सोडलं. टिश्यू कोरडा निघाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. झाकणाच्या रबरी रिंगवर एक केस जरी राहिला तरी पाणी शिरतं. समुद्रातून वर आल्यावर हाउसिंग न उघडता आधी गोड्या पाण्यात भिजवा.

फोटोचं म्हणाल तर पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाचेक मीटरवरच लाल मासा करडा दिसायला लागतो. निळ्या पाण्यात लाल फिल्टर चालतो. आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी बऱ्याचदा हिरवट असतं, तिथे मॅजेंटा फिल्टर बरा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाण्यातला गाळ पांढऱ्या ठिपक्यांसारखा चमकतो. झूम नको, हाताच्या अंतरावर जा. सूर्य पाठीशी ठेवा आणि जमलं तर रॉ मध्ये शूट करा, म्हणजे रंग नंतर सुधारता येतात.

'गुलदार'चा फोटो माझ्याही यादीत आहे. पण खर्चाचा क्रम ठरलाय: आधी कोर्स, मग हाउसिंग, आणि फोन सगळ्यात शेवटी.