थरथर म्हणजे म्हातारपण नव्हे

आमच्या वस्तीत एक बाबा आहेत. आयुष्यभर सफाई खात्यात नोकरी केली, दर रविवारी विहारात वंदना घेतली, दारूला कधी शिवले नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांची चाल बदलली. पुढे वाकून, पाय घासत, बारीक पावलं टाकत चालायला लागले. बोलणं अस्पष्ट झालं. गल्लीतली पोरं म्हणू लागली, "बाबा आता घ्यायला लागले वाटतं." पंचशील पाळणाऱ्या माणसाच्या कानावर हे पडल्यावर त्याला काय वाटलं असेल? बाबांनी विहारात येणंच सोडलं. घरच्यांनी "वय झालं" म्हणत दीड वर्ष काढलं. कुणी देवऋषाचंही नाव काढलं. शेवटी बाथरूममध्ये पडले, मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की हा पार्किन्सन्स आहे. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात.

११ एप्रिलला आपण महात्मा फुल्यांची जयंती करतो. तोच दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिणारे लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांचा तो जन्मदिवस. जयंतीच्या आठवड्यात वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरं होतात, साखर आणि रक्तदाब तपासला जातो. पण ज्याचा हात थरथरतो, त्याला कुणी खुर्चीवर बसवून नीट पाहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. कंपवात पूर्ण बरा होत नाही, हे खरं. पण वस्तीतल्या माणसाचे हाल नुसत्या आजाराने होत नाहीत. उशिरा झालेली ओळख, चुकलेली गोळी आणि घरात कोंडून घेणं, या तीन गोष्टी ते हाल दुप्पट करतात. आणि या तिन्ही गोष्टींवर आपण काही करू शकतो.

आधी ओळख. मेंदूच्या एका छोट्या भागातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरळीत ठेवणं हे त्याचं काम. त्या पेशी हळूहळू मरत जातात आणि डोपामिन कमी पडतं. मग हालचाल मंदावते, अंग ताठरतं, हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाही थरथरतो. बहुतेक वेळा सुरुवात एकाच बाजूने होते. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, सही बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय मारणं, ही लक्षणं तर कित्येकदा थरथरीच्या आधी काही वर्षं असतात. आणि काही जणांना थरथर होतच नाही. बहुधा साठीनंतर होणारा हा आजार चाळिशीतही होऊ शकतो. रक्ताच्या साध्या तपासणीत तो दिसत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ माणसाला चालवून, हात फिरवून, तपासून निदान करतात. म्हणून महागड्या तपासण्यांआधी योग्य डॉक्टर गाठा.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतो. चक्कर येते, मळमळते म्हणून गल्लीतल्या दवाखान्यातून मिळालेल्या काही गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रामाइड अशी त्यांची नावं पाकिटावर असतात. या गोळ्यांमुळे हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात आणि ज्याला कंपवात आहे त्याचा त्रास वाढतो. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही असं होतं. म्हणून तज्ज्ञाकडे जाताना घरातली सगळी पाकिटं आणि चिठ्ठ्या पिशवीत भरून न्या. मात्र कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता उपचार. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्र गोळी हे या आजारावरचं मुख्य औषध आहे. ते जुनं आहे, जेनेरिकमध्ये मिळतं आणि देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पण आपल्या घरांत "सकाळ-दुपार-संध्याकाळ" अशी ढोबळ वेळ चालते. या गोळीला ती चालत नाही. आजार जुना झाला की एका गोळीचा परिणाम काही तासांत ओसरतो. आठची गोळी दहाला दिली तर मधले दोन तास माणूस खिळून बसतो. घरचे म्हणतात, "सकाळी तर चालत होते, आता नाटक करतात." ते नाटक नसतं, उशिरा मिळालेली गोळी असते. म्हणून मोबाईलवर गजर लावा. गोळी साधारण जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्या. डाळ, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात. ती बंद करायची नाहीत, नाहीतर माणूस खंगेल. फक्त गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायची. रक्तवाढीची लोहाची गोळीही सोबत देऊ नका. सुरुवातीला मळमळ झाली, उभं राहताना चक्कर आली, नसलेली माणसं दिसायला लागली, तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतात. गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं ताठरतं, जोराचा ताप येतो, जीवावर बेतू शकतं. कुणी खाजकुहिलीच्या बियांची पूड सुचवतील. तिच्यात लेव्होडोपा खरोखरच असतं. म्हणूनच ती गोळीसोबत आपल्या मनाने घेतली तर मात्रा जास्त होण्याचा धोका आहे.

मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रियाही आहे. ती निवडक रुग्णांनाच उपयोगी पडते आणि तिचा खर्च लाखांत जातो. आपल्या बहुसंख्य घरांचा प्रश्न तो नाही. महिन्याची गोळी खंड न पडता मिळेल का, हा आपला प्रश्न आहे. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर "संपली, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकलं की मजुरी बुडवून आलेला मुलगा रिकाम्या हाताने परततो. आवश्यक यादीतली गोळी खिडकीवर नसणं ही मेहरबानीतली कमतरता नाही, आपला हक्क डावलणं आहे. त्यासाठी लेखी निवेदन द्या, पोच घ्या, मंडळाच्या नावाने पाठपुरावा करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी योजनांसाठी अर्ज करता येतो. सार्वजनिक शौचालयात एक तरी बसायचं भांडं आणि भिंतीला पकडायला दांडा हवा, हीसुद्धा वॉर्ड ऑफिसकडे मागायची गोष्ट आहे. उकिडवं बसून उठताना पडलेला माणूस मांडीचं हाड मोडून कायमचा अंथरुणाला खिळतो.

तिसरी गोष्ट, कोंडून घेणं. या आजारात व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. रोज चालणं हवं. उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढू नका. थांबवा, "डावा-उजवा" असा ताल द्या किंवा जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवून ती ओलांडायला सांगा. आवाज बारीक होतो, म्हणून त्रिशरण-पंचशील मोठ्या आवाजात म्हणायला लावा. जेवताना ताठ बसवा, लहान घास द्या, घाई करू नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. उदासी हीसुद्धा या आजाराचं लक्षण आहे आणि तिच्यावरही औषध आहे. शिवाय सगळी सेवा सुनेच्या किंवा मुलीच्या गळ्यात घालू नका. समतेचं भाषण करणाऱ्या मुलाने बापाला अंघोळ घालावी, त्यात कमीपणा नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून अंथरुणावर ठेवलं. मग भिक्खूंना बजावलं की तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. आपल्या धम्माने सेवेला यापेक्षा मोठी जागा कुठे दिली आहे?

आमचे बाबा आता गोळी घड्याळावर घेतात. हात अजून थरथरतो. पण गेल्या बुद्धपौर्णिमेला नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते विहारात आले आणि वंदना त्यांनीच घेतली. आवाज हळू होता, म्हणून सगळे गप्प बसून ऐकत होते. पूर्वी त्यांना हसणारी पोरंही त्यात होती.

यंदाच्या जयंतीच्या शिबिरात एक खुर्ची जास्तीची ठेवा. ज्याचा हात थरथरतो, ज्याची चाल मंदावली आहे, त्याला तिथे बसवा आणि डॉक्टरांना तपासायला लावा. जय भीम!